गुणांच्या वहीत न मावलेली बाई

माओकालीन चीनमधली खेडवळ बाई कादंबरीत उभी करायची, तर घोषणांआधी गुणांची वही, म्हणजे रोजच्या कामाचे गुण टिपायची वही, बघावी. सामूहिक शेतीत धडधाकट पुरुषाला दिवसाचे साधारण 10 गुण पडत, बाईला बहुधा 6 ते 8. वर्षअखेरीचा वाटा त्यावरच ठरे, आणि तो बरेचदा कुटुंबप्रमुखाच्याच हाती पडे.

कापडावर तर अख्खं प्रकरण लिहावं. 1954 पासून सुती कापड कुपनावर मिळू लागलं, तेही अपुरं. मग दिवसभर शेतात राबलेल्या बाया रात्री दिव्याशी सूत कातत, जोडे शिवत. जुन्या चिंध्या खळीने थरावर थर चिकटवायच्या, वाळवायच्या, तळव्याच्या मापाने कापायच्या, एकावर एक रचून जाड दोऱ्याने दाट टाके घालायचे. बोटं सोलवटून निघत. या कामाला एकही गुण नव्हता! हे कादंबरीत यायलाच हवं.

काळाची गल्लत इथेच होते: 1951 च्या प्रसंगात कापडाचं कुपन नको. 1950 च्या विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला, म्हणून नायिका लगेच मोकळी झालेली दाखवू नये. आधी गावच्या कार्यकर्त्यांची समजावणी, आणि ते अनेकदा नवऱ्याच्याच भावकीतले.