एका लाटेत मावलेली वाट
उंदीर ट्रॅकवर धावायला लागला की आमच्या खोलीतल्या स्पीकरवर तडतड सुरू होते. त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागात, बसवलेल्या बारीक तारा एकेका न्यूरॉनचे (चेतापेशीचे) विजेचे स्पंद टिपत असतात. ठरावीक जागा आली की ठरावीक पेशी बोलते. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या या 'प्लेस सेल'.

त्या दिवशी मी एका पेशीचा आलेख काढला. आडवी ट्रॅकवरची जागा, उभा थीटा लाटेतला क्षण. थीटा म्हणजे उंदीर धावताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये उठणारी विजेची, सेकंदाला साधारण आठ लाटांची लय. पडद्यावर ठिपक्यांचा तिरका पट्टा उतरत गेला. पेशीच्या जागेत शिरताना स्पंद लाटेच्या शेवटाकडे पडत होता आणि उंदीर पुढे जाईल तसा दर लाटेत थोडा आधी येत होता. ओकीफ यांनी सहकाऱ्यासह १९९३ मध्येच हे मांडलंय, मला तोंडपाठ आहे. तरी स्वतःच्या नोंदीत ते दिसल्यावर मी खुर्चीतून उठलेच.

मग शेजारच्या पेशी त्यात घातल्या. प्रत्येक लाटेत आधी मागे पडलेली जागा, मग आत्ताची, मग पुढे येणारी! सेकंद-दोन सेकंदांची वाट सव्वाशे मिलिसेकंदांत, क्रम न मोडता. मला यातलं मोलाचं वाटतं ते हेच. दोन पेशींमधला जोड पक्का व्हायला त्या काही मिलिसेकंदांच्या अंतराने, एकीमागून एक पेटाव्या लागतात. दोन सेकंदांच्या अंतराने घडलेल्या गोष्टी एरवी जोडल्या कशा जाणार? थीटा त्यांना तेवढं जवळ आणते.

ट्रॅकच्या टोकाला उंदीर खाऊपाशी थांबला. थीटा विरली आणि स्पीकरवर एक छोटा झपाटा ऐकू आला. रिपल, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधली क्षणभराची वेगवान लहर, सेकंदाला दीडशे ते अडीचशे आवर्तनांची. नोंद सावकाश उलगडून पाहिली तर त्याच पेशी उलट्या क्रमाने पेटल्या होत्या, खाऊपासून सुरुवातीकडे.

या उलट्या उजळणीचं काम काय, यावर अजून वाद आहे. खाऊ मिळाल्याचं श्रेय मागच्या जागांपर्यंत पोचवणं, हे मला सगळ्यात पटतं. २०१६ च्या एका प्रयोगात बक्षीस वाढवल्यावर उलटी उजळणी वाढली होती, सुलटी, म्हणजे वाटेच्याच क्रमाने होणारी, तेवढीच राहिली होती. तसंच बक्षीस वाढवून पाहायचा बेत मी त्याच संध्याकाळी लिहून काढला.