राजचित्रातला खरा माणूस : तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापुरात व्यक्तिचित्रे रंगवून उपजीविका करणाऱ्या मला वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला जातो : राजेरजवाड्यांची चित्रे म्हणजे पैसे घेऊन केलेली स्तुती, त्यांत खरा माणूस कुठे असतो?

स्तुती असतेच, ती मी नाकारत नाही. रिगोने १७०१ मध्ये रंगवलेले फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे चित्र पाहा. पावणेतीन मीटर उंचीचा कॅनव्हास, मागे खांब, वर मखमली पडदा, पांढऱ्या फरचे अस्तर असलेला राज्याभिषेकाचा झगा, लाल टाचांचे बूट. झगा सारून दाखवलेले पाय तरुण नर्तकाचे आहेत, पण चेहरा साठी ओलांडलेल्या, तोंड आत बसलेल्या वृद्धाचा आहे. तरीही स्पेनच्या गादीवरील नातवासाठी सांगितलेले ते चित्र राजाने स्वतःजवळच ठेवून घेतले.

ही गोष्ट मला लागते, कारण माझे चित्र परत आले. जिल्ह्यातल्या एका इनामदार घराण्याने आजोबांचे पूर्णाकृती तैलचित्र सांगितले होते. आधाराला एकच फोटो होता, कूळकायद्यात जमिनी गेल्यानंतरचा : डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणे, आणि खुर्चीचा हात इतका घट्ट धरलेला की शिरा वर आलेल्या. फेटा, उपरणे, ताठ पाठ मी मनापासून रंगवली आणि तो हातही जसाच्या तसा रंगवला. चित्र उघडल्यावर घरातल्या वृद्ध आत्याबाई जवळ येऊन म्हणाल्या, "हे आबाच." थोरले मात्र म्हणाले, "आबा भ्यालेले दिसतात. हात तलवारीच्या मुठीवर घ्या." मी नकार दिला. त्यांनी दुसऱ्याकडून तलवारीचे चित्र करून घेतले, आणि वाड्यात आज तेच आहे.

तेव्हा मी ठामपणे म्हणत असे की पोशाख दर्जा सांगतो आणि चेहरा व हात स्वभाव सांगतात. आता तसे म्हणवत नाही. व्हेलास्केझने रंगवलेला स्पेनचा चौथा फिलिप माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे : काळा पोशाख, हातात कागद, मुकुट नाही. चित्रकाराने आधी पाय अधिक फाकलेले रंगवले होते, मग जवळ आणले. जुन्या पायांच्या खुणा रंगाखालून अजून दिसतात. ती निश्चलता राजपदाची की त्या माणसाची? बहुधा फिलिपलाही ती वेगळी काढता आली नसती.

मग थोरल्यांचेही काही खरे असेल काय? भिंतीवरचे चित्र नातवंडांनी मान वर करून पाहण्यासाठी असते, हा त्यांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. पण आत्याबाईंनी वडिलांना ओळखले, तेव्हा चित्रात तलवार नव्हती.