हाताने गुंफलेल्या दोराचा डोळा किती ताण सोसतो

चिंचा झोडायला, सातपुड्याच्या पायथ्याला मोहोळ काढायला किंवा निंबाच्या वाळलेल्या फांद्या उतरवायला वर चढणारी माणसं खानदेशात गावोगावी आहेत. दोराच्या टोकाला मात्र बहुतेकांच्या गाठच असते. गाठीपाशी दोराची ताकद एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त घटते. डोळा म्हणजे दोराचं टोक वळवून, त्याचे पदर दोरातच गुंफून केलेला कायमचा फास. पदर नीट गुंफून केलेल्या डोळ्यापाशी ती 5 ते 10 टक्केच घटते. म्हणून आम्ही डोळे गुंफायला लागलो. पण या वाक्यातला ‘नीट’ हा शब्द कुणी तपासायचा? हाताने केलेल्या कामावर कंपनीचं लेबल नसतं. ते तपासायचं तर त्याच बंडलातल्या दोराचे, त्याच हाताने गुंफलेले नमुने तोडून बघावे लागतात.

आमचा दोर 12 मिमी नायलॉनचा, तीन पदरी. बाजारात ट्रकचा माल बांधायला मिळतो तो निळा-हिरवा पॉलिप्रॉपिलीन दोर चढायला घेऊ नका. तो उन्हात कुजतो आणि 165 अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे घर्षणाने लवकर खराब होतो.

नमुन्याच्या दोन्ही टोकांना डोळा हवा आणि दोन सांध्यांमध्ये, म्हणजे गुंफलेल्या भागांमध्ये, किमान 60 सेमी कोरा दोर हवा. प्रत्येक टोकाचे पदर सुमारे 40 सेमी उकलायचे, टोकांना टेप लावायची आणि पिळाच्या उलट दिशेने, एक पदर सोडून एकाखालून, असे गुंफत जायचं. तिन्ही पदर एकेकदा गुंफले की एक फेरा. सुती किंवा अंबाडीच्या दोराला तीन फेरे पुरतात. नायलॉन गुळगुळीत असल्याने पाच पूर्ण फेरे लागतात. त्यापुढच्या दोन फेऱ्यांत दर वेळी थोडे तंतू कापून सांधा निमुळता करायचा. प्रत्येक फेऱ्यानंतर तिन्ही पदर सारखे ओढून घ्यायचे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ताणायला आम्ही तळाचा पत्रा काढलेली जुनी ट्रॅक्टर ट्रॉली वापरतो. शेडचा खांब वरून येणारा भार पेलायला बांधलेला असतो, त्याला आडवं ओढू नये. ट्रॉलीच्या चासीत दोन्ही टोकांना जाड पट्टीच्या लगा (हुक अडकवायचे भोकाचे कान) वेल्ड केल्या की ओढ चासीतल्या चासीत राहते, जमिनीवर काही येत नाही. शिवाय बाजूचे फाळके आडोशाला मिळतात. एका लगेला 5 टनी चेन पुली, मग नमुना, मग 5 टनी हँगिंग काटा आणि दुसरी लग, अशी रांग लावायची. काटा नमुन्याच्या सरळ रेषेतच हवा. दोर कप्पीवरून दुहेरी घेतला तर काट्यावरचा आकडा एका पदराचा राहत नाही, आणि मग आपण खूश होतो ते उगाच.

काट्यावर आंधळा विश्वास नको. जिनिंगमधल्या रुईच्या गाठी साधारण 170 किलोच्या असतात. वैधमापनचा शिक्का असलेल्या काट्यावर त्या आधी तोलायच्या आणि मग दोन-तीन एकदम आपल्या काट्याला टांगून फरक बघायचा. काट्याला ‘पीक होल्ड’, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायची सोय, असलीच पाहिजे, कारण तुटण्याच्या क्षणी आकडा वाचता येत नाही. आम्ही समोर मोबाइल ठेवून चित्रीकरणही करतो.

एका डोळ्यात 22 मिमी पिनचा 4.75 टनी शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) घालतो. दुसऱ्यात 10 मिमीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेला 12 मिमीचा 8.8 ग्रेड बोल्ट. तो बोल्ट कॅराबिनरच्या, म्हणजे चढताना दोर अडकवायच्या उघडझाप कडीच्या, जागी. खुद्द कॅराबिनर बरेचदा 22 ते 25 किलोन्यूटनचे (सुमारे 2,250 ते 2,550 किलो) असतात, म्हणजे दोराआधी तेच उडतील. बारीक पिनवर डोळ्याच्या माथ्याला किती त्रास होतो, ते या बोल्टवर कळतं. त्रास जास्त दिसला तर डोळ्यात थिंबल (दोर झिजू नये म्हणून आतून बसवायची खोबणीची धातूची कडी) घालायचा.

आता सुरक्षितता. तुटण्याआधी नायलॉन मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहून जास्त ताणला जातो आणि तुटल्यावर ती सगळी ताकद हुकांना भिरकावते. नमुन्यावर ओली गोणपाटं टाकायची, दोन्ही हुक ढिल्या साखळीने चासीला बांधायचे आणि दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पुली ओढणारा फाळक्याबाहेर. मे महिन्यात हे काम सकाळीच उरकावं, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही.

आधी 200 किलोपर्यंत दोन-तीन वेळा ताणून सैल सोडायचं, म्हणजे फेरे जागेवर बसतात. सांध्याच्या शेवटी आणि डोळ्याच्या गळ्याशी पेनाने आडव्या रेघा मारायच्या. मग हळूहळू, न थांबता. पुली थांबवली की नायलॉनवरचा आकडा खाली सरकतो. ते दोर तुटत असल्याचं लक्षण नाही, नायलॉन सैलावतो इतकंच.

तुटल्यावर आधी आकडा नाही, जागा बघायची. कोऱ्या दोरात किंवा सांध्याच्या निमुळत्या शेवटाशी तुटला तर हात चांगला. पेनाची रेघ सरकली आणि टोकं आत ओढली गेली, तर फेरे कमी पडले किंवा ढिले बसले. असा नमुना जास्त किलोला गेला तरी आम्ही नापासच धरतो. एकच पदर आधी तुटला तर ओढ असमान होती. माथ्याशी तुटला तर पिन बारीक. टोकं वितळवून केलेला कडक गोळा शेजारच्या पदरात रुतलेला दिसला तर तो गोळा नको, टोकाला दोऱ्याचे वेढे द्यायचे.

मग आकडा. अमेरिकेतल्या झाडकामाच्या झेड 133 मानकात चढायच्या दोराची किमान ताकद 5,400 पाउंड सांगितली आहे, म्हणजे सुमारे 2,450 किलो. दोराच्या लेबलवर 3,000 किलो असेल आणि नमुने 2,700 च्या आसपास तुटत असतील तर सांधा 90 टक्क्यांवर आहे. किमान पाच नमुने तोडा आणि सरासरी न धरता सगळ्यात कमी आकडा धरा. एकच नमुना बाकीच्यांहून फार खाली गेला तर तो ‘अपवाद’ म्हणून फेकू नका, उसवून बघा. पावसाळ्यात चढणार असाल तर एक-दोन नमुने रात्रभर बादलीत भिजवून ताणा. ओला नायलॉन 10 ते 15 टक्के कमी भरतो. वर्षभर वापरलेल्या दोराचाही एक तुकडा तोडून बघावा. करवतीचा निसटता ओरखडा आणि आत शिरलेली माती बाहेरून कळत नाही.

तोडायला घेतलेला किंवा जोरात ताणलेला दोर परत झाडावर जात नाही. त्याचे डोळे तिथेच कापून टाकायचे, नाहीतर कुणीतरी तो बैल बांधायला म्हणून नेतो आणि पुढे त्यावरच चढतो. ज्या दोरावर खरंच चढायचं, त्याला जमिनीपासून हातभर उंचीवर दोन माणसांचं वजन पाच मिनिटं देतो आणि रेघा बघतो. रेघ सरकली तर सांधा उसवून पुन्हा गुंफतो.