भिंत छान दिसत होती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमधून गेलेला पंपाच्या हाउसिंगचा एक लॉट परत आला, त्याला आता बरेच दिवस झाले. पीस भंगारात गेले, डेबिट नोट आली, बदली माल रवाना झाला. कागदोपत्री प्रकरण बंद आहे. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही, कारण त्या कागदावर ‘कारण’ म्हणून जे लिहिलंय ते खरं असलं तरी पुरं नाही.

मी क्वालिटी बघतो. बिडाचं कास्टिंग फाउंड्रीतून येतं, आम्ही ते सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, टर्न करतो, आणि मधल्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, ६२०५ नंबरचं बेअरिंग बसतं. त्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर. बोअरला के७ फिट, म्हणजे ठरलेली मर्यादा ५१.९७९ ते ५२.००९. खेळायला एकूण जागा ३० मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बेअरिंग हलक्या दाबानं आत जाऊन बसलं पाहिजे. सैल राहिलं तर पंप चालताना बेअरिंगची बाहेरची रिंग त्या बोअरमध्येच फिरायला लागते आणि बोअर खाते. हे बोअर मशीनवर प्लग गेजनं तपासतात, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी गोल दांड्यानं. एका टोकाला गो, म्हणजे लहानात लहान चालणारं माप, दुसऱ्या टोकाला नो-गो, म्हणजे मोठ्यात मोठं. गो गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. यात डोकं लावावं लागत नाही, म्हणून सगळ्यांना प्रिय.

आता भिंत. आमच्याकडं आयटीआय करून आलेला एक पोरगा आहे. हात चांगला आहे त्याचा, आणि एक गुण असा की कुठलीही गोष्ट शोधावी लागली की त्याला राग येतो. शॉपमध्ये शोधाशोध किती चालते हे बाहेरच्याला कळणार नाही. सहाचा एलन की कुठाय, टूल होल्डरचा टॉर्क्स पाना कुणी नेला, इन्सर्टचा स्क्रू पडला तो चिप ट्रेमध्ये गेला की बुटाला चिकटून घरी गेला. मशीन थांबलेलं असतं आणि दोन माणसं गुडघ्यावर बसून भुग्यात बोटं फिरवत असतात.

त्यानं राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून मोडक्या हार्ड डिस्क आणल्या. त्यांच्या आत नियोडिमियमचे मॅग्नेट असतात, केळीच्या आकाराचे, लोखंडी पट्टीवर चिकटवलेले. बहुतेक जण ते पट्टीवरून उचकटायला जातात आणि फोडतात, कारण हे मॅग्नेट ठिसूळ असतात. वरचा निकेलचा थर गेला की गंजून पूड होते. या पोरानं ते हत्यारं टांगायला पट्टीसकट भिंतीवर बसवले, आणि ते बरोबर होतं. मागचं लोखंड चुंबकाची रेषा वळवून पुढं आणतं, त्यामुळं पकड वाढते. एकदा दोन मॅग्नेटच्या मध्ये त्याचं बोट आलं, नख काळंनिळं झालं, पण काम सोडलं नाही.

पहिल्या दिवशी बत्तीसचा पाना भिंतीवरून हळूहळू खाली सरकत आला. ही गंमत सगळ्यांनाच चकवते. मॅग्नेटवर ‘इतके किलो’ असं लिहिलेलं असतं ते सरळ ओढल्यावरचं. भिंतीवर टांगलं की वजन खाली ओढतं, आणि तिथं फक्त घर्षण धरून ठेवतं. पकड फार कमी उरते. त्यानं मॅग्नेटवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. रबरामुळं मध्ये अंतर पडून ओढ थोडी कमी झाली, पण सरकणं थांबलं. जड पान्यांना खाली एक कड दिली. हे कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात मला आवडली ती त्याची वाटी. जुन्या स्पीकरचा गोल मॅग्नेट, वर घरातली स्टीलची वाटी. भांड्याच्या दुकानात जाऊन त्यानं मॅग्नेट लावून बघितला आणि ज्या वाटीला तो चिकटत नव्हता ती घेतली. दुकानदार म्हणे बघतच राहिला, कारण गिऱ्हाईक उलटं निघालं. वाटीला चुंबक धरत नाही, पण वाटीच्या आरपार स्क्रूला धरतं. टॉर्क्सचे बारके स्क्रू, सर्कलिप, ग्रब स्क्रू, सगळं वाटीच्या बुडाला चिकटून राहतं. धक्का लागला तरी सांडत नाही. खालून मॅग्नेट काढला की सगळं मोकळं. चिप ट्रेमध्ये पडलेला स्क्रू काढायला त्यानं दांड्याला मॅग्नेट लावला आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी. स्क्रू मिळाला की पिशवी उलटी करायची, भुगा पिशवीत राहतो, मॅग्नेट स्वच्छ. बीड कोरडं कापलं की लांब चिप निघत नाही, बारीक काळा भुगा निघतो, आणि उघड्या मॅग्नेटवर तो एकदा बसला की पुसून निघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

भिंतीनं काम केलं. शोधाशोध थांबली, सेटिंगचा वेळ कमी झाला, सेकंड शिफ्टवाल्यांची भांडणं कमी झाली. मालक खूश. मग कस्टमरच्या ऑडिटची तारीख आली. मालकांनी भिंत बघितली आणि म्हणाले, ‘‘गेज पण इथंच लावा की. प्रत्येक वस्तूला जागा, म्हणतात ते हेच.’’ पोरानं फक्त पाने आणि ड्रायव्हर लावले होते. त्याला सांगितलं म्हणून त्यानं प्लग गेजही लावले, मागं पिवळ्या रंगानं आउटलाइन काढली. ऑडिटरनं मोबाइलवर फोटो काढले, मार्क दिले आणि आमचा चहा पिऊन गेला. मी त्या दिवशी कास्टिंगच्या तक्रारीसाठी फाउंड्रीत होतो. परत आलो तर गेज भिंतीवर होते. मी तेव्हाच म्हणालो की गेजची जागा तेल लावून लाकडी पेटीत. ‘‘पेटीत ठेवल्यावर दिसणार काय?’’ असं उत्तर मिळालं. दिसणं हा आमच्या धंद्यात अलीकडं फार मोठा मुद्दा झालाय.

आणि मग लॉट परत आला. कस्टमरच्या असेंब्लीत बेअरिंग दाबावं लागत नव्हतं. वर ठेवलं की आत जाऊन बसत होतं. मी तीन-टेकी बोअर मायक्रोमीटर लावला. ५२.०१५, ५२.०१६, ५२.०१४. सगळे एका दिशेनं, सगळे मोठे. टूल झिजलं असतं तर बोअर लहान होत गेला असता. हे उलटं होतं, म्हणजे कुणीतरी ऑफसेट दिला होता, मशीनला कापायचं माप वाढवून सांगितलं होतं.

मशीनवर आमचे मामा होते. लेथवर हात काळे केलेला माणूस, सीएनसी उशिरा शिकले पण पक्की शिकले. मी विचारलं, ‘‘मामा, ऑफसेट दिलासा काय?’’

‘‘दिला की. गो जायना झाला होता. दहा मायक्रॉन दिले, तरी घट्ट जायला लागला, मग अजून दहा दिले.’’

‘‘आणि नो-गो?’’

‘‘नो-गो कुठं जातोय. नो-गो अडतोय म्हणजे माल चांगला. माझं काय चुकलं ते सांगा.’’

चुकलं काही नव्हतं. गो जात नाही तर बोअर लहान, हे आम्हीच शिकवलंय. नो-गो अडला तर ठीक, हेही आम्हीच शिकवलंय. पण ५२.०१५ च्या भोकात ५२.००९ चा नो-गो अडतो कसा? सहा मायक्रॉन मोकळे आहेत, गेला पाहिजे. मी तोच गेज भिंतीवरून काढला, कॉटन वेस्टनं, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्यानं, पुसला, बोअरमध्ये घातला. अडला. पुन्हा पुसला. अडला.

मग तो खिडकीजवळ नेऊन उजेडात तिरका धरला. गेजच्या कडेला, बरोबर जिथं तो भोकात शिरतो तिथं, दाढीच्या खुंटासारखा बारीक काळा भुगा उभा होता. वेस्ट फिरवली की आडवा व्हायचा, वेस्ट काढली की पुन्हा उभा. मी रजिस्टरची टाचणी काढून गेजच्या टोकाला लावली. टाचणी लटकली.

पुढचं तिथल्या तिथं जुळलं. प्लग गेज कडक केलेल्या पोलादाचा असतो, आणि कडक पोलादाची खोड अशी की एकदा चुंबकत्व घेतलं की सोडत नाही. मऊ लोखंड मॅग्नेटपासून दूर नेलं की बहुतेक सगळं सोडून देतं. चुंबकाचा जोर कडेला, कोपऱ्याला जास्त एकवटतो, आणि गेजची कामाची जागा तीच. भुग्यामुळं गो चांगल्या बोअरमध्ये जाईना, म्हणून मामांनी बोअर मोठा केला. मोठ्या झालेल्या बोअरमध्ये त्याच भुग्यामुळं नो-गो शिरेना, म्हणून तो पास झाला. गेजची दोन्ही टोकं खोटं बोलली, आणि एकमेकांना साक्षीदार राहिली.

दर काही पिसांनी डायल बोअर गेजनं, म्हणजे बोअरचं माप काट्यावर दाखवणाऱ्या गेजनं, आकडा बघायचा, असा नियम आहे. डायल बोअर गेज एकच आहे, मशीन दोन. त्या पाळीत तो दुसऱ्या मशीनवर होता. नवीन मशीनचा हप्ता भरायला पैसे असतात, दुसरा बोअर गेज घ्यायला नसतात. हे मी लिहितोय, बोललोही आहे.

गेज घेऊन मी सरफेस ग्राइंडरवर गेलो. तिथं मॅग्नेटिक चकवर, म्हणजे चुंबकाच्या पाटावर, जॉब धरतात, त्यामुळं प्रत्येक जॉब थोडा चुंबक होऊनच निघतो, आणि त्यासाठी शेजारी चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर असतो. आत कॉइल, त्यातून ५० हर्ट्झचा एसी करंट, म्हणजे चुंबकाची दिशा सतत उलटसुलट. त्यावरून गेज सावकाश फिरवायचा आणि तसाच चालू मशीनवरून हातभर लांब न्यायचा, म्हणजे उलटसुलट होत होत जोर कमी होत शून्याकडं जातो. घाईत लोक गेज वरच ठेवून बटण बंद करतात. मग बटण बंद होताना करंट जिथं असेल ते चुंबकत्व आत तसंच राहतं. ग्राइंडरवाल्या अण्णांनी ते इतकं निवांत केलं की बघत राहावं. टाचणी लावली, पडली. गेज पेट्रोलनं धुतला, त्याच हाउसिंगमध्ये नो-गो घातला. सरळ आत गेला.

‘‘आम्ही रोज करतोय की हे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘भिंतीवर गेज लावताना कुणी विचारलं काय?’’

ग्राइंडर त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याला माहीत होतं त्याला कुणी विचारलं नाही, आणि अण्णाही आपणहून दुसऱ्याच्या सेक्शनमध्ये बोलायला जाणारे नव्हेत. दोन्हीचा मला सारखाच राग आहे.

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये रिपोर्ट लिहायला बसलो. ते म्हणाले, ‘‘ऑपरेटरनं न विचारता ऑफसेट दिला, असं लिहा आणि मोकळं व्हा. ट्रेनिंग दिलं म्हणून खाली सही.’’ मी नाही म्हणालो. दोन पिढ्या बिडात घालवलेल्या माणसाच्या नावावर भिंतीचं पाप घालायचं मला जमणार नव्हतं. मग त्यांनी पोराचं नाव सुचवलं. तो बाहेर उभा होता, त्यानं ऐकलं. मला एवढंच म्हणाला, ‘‘सर, भिंत केल्यापास्नं एक तरी पाना हरवला काय?’’ हरवला नव्हता. शेवटी रिपोर्टात गेलं ते असं: ‘गेजमध्ये शिल्लक चुंबकत्व, साठवणुकीची पद्धत बदलली.’ भिंतीवर गेज कुणी लावायला सांगितले आणि ते बघून मार्क कुणी दिले, यासाठी फॉर्ममध्ये जागा नाही.

कस्टमरनं उत्तरात गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. आता इथं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. मी गेज लॅबला पाठवला. त्यांनी तो नियमाप्रमाणं आधी स्वच्छ धुतला, २० अंशांच्या खोलीत ठेवला, मोजला आणि मापात आहे म्हणून शिक्का दिला. मापात होताच तो. डीमॅग्नेट न करता पाठवला असता तरी मापातच निघाला असता, कारण त्यांच्या खोलीत बिडाचा भुगा नाही. मी फोन करून विचारलं, शिल्लक चुंबकत्व तपासता काय? म्हणाले, वेगळं सांगितलंत तर बघू, चार्ज वेगळा.

मॅग्नेटविषयी माझं वाकडं मत नाही. पाने, ड्रायव्हर, वाट्या, सगळं आजही भिंतीवर आहे, आणि राहू दे. पण आटे पाडायचे टॅप आणि हायस्पीड स्टीलचे ड्रिल आम्ही काढले. टॅप चुंबक झाला तर बंद भोकात भुगा त्याच्याभोवती गोळा होतो. आटे ओरबाडतात, नाहीतर टॅपच अडकून मोडतो. मायक्रोमीटर, डायल, स्लिप गेज हे तर बोलायलाच नको. वेल्डिंगच्या बाजूला लावलेले मॅग्नेटही ढिले पडले. साध्या ग्रेडचा नियोडिमियम ८० अंशांच्या वर गेला की जोर घालवतो, आणि थंड झाला म्हणून परत येत नाही.

पोरगा काम करतो, पण नवीन काही सुचवत नाही. मी वाटीसाठी जास्तीचे मॅग्नेट आणून दिले, त्यानं ते टेबलाच्या खणात ठेवलेत. गेजच्या पिवळ्या आउटलाइन भिंतीवर रिकाम्याच आहेत. मालकांनी त्या रंगवून टाका म्हणून सांगितलं. मी रंगवू दिल्या नाहीत. पुढच्या ऑडिटला कस्टमर विचारणारच, इथं काय होतं म्हणून. ‘‘त्याचं उत्तर तुम्हीच द्या मग,’’ असं मालक म्हणालेत. देणार आहे. त्यांच्याच ऑडिटरनं काढलेला फोटो मागवून ठेवलाय.