मंगळवेढ्यापर्यंत

शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून मंगळवेढ्याकडे जाते. दरवर्षी कोपऱ्यावर उभं राहून मी पाणी वाटायचो. यंदा पाण्याची बाटली स्वतःच्याच पिशवीत टाकली आणि पालखीमागच्या मोकळ्या वारकऱ्यांत शिरलो.

मनात एक ख्रिस्ती धर्मपंडित होता. वारीत हे सांगायला लाज वाटत नाही, पण कुणी विचारलंही नाही. मी समुपदेशक. त्या पंडिताचं, वेन ओट्सचं, नाव आमच्या धंद्यात घेतलं जातं. जन्म १९१७, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचा. बाप लहानपणीच सोडून गेला, आई सूतगिरणीत, पोरगं आजी आणि बहिणीनं वाढवलं. सोलापूरकराला यातलं काय समजावून सांगायचं? माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू गिरणीत साच्यावर होते. भोंगा झाला की अख्खी चाळ हलायची.

तिऱ्हे ओलांडेपर्यंत फोन सात वेळा वाजला. सातही वेळा मी रस्त्याच्या कडेला थांबून घेतला.

ओट्स पुढं बाप्टिस्ट पाळक झाला, लुइव्हिलच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, १९४७ ते १९७४ शिकवलं, नंतर तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात गेला. पुस्तकं पन्नासाच्या वर. ‘वर्कहोलिक’, म्हणजे कामाचं व्यसन लागलेला, हा शब्द घडवल्याचं श्रेय त्यालाच देतात. १९७१ च्या पुस्तकानं तो जगभर झाला. हा शब्द त्याला दुसऱ्या कुणाकडं बघून सुचला नव्हता. त्याच्या पाच वर्षांच्या मुलानं बापाला भेटायला अपॉइंटमेंट मागितली होती.

कामतीच्या अलीकडं एक आजी शेजारी आल्या. सोलापुरात विड्या वळतात. लेकाचं सांगत होत्या, दारूचं, सुनेचं. मी सवयीनं म्हणालो, “म्हणजे तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटतं...”

“तू गप ऐक की रं.”

गप्प बसलो. पुढं मैलभर त्या बोलल्या, मध्येच अभंग धरला, पुन्हा लेकावर आल्या. ओट्स म्हणायचा, बोलणारा आणि ऐकणारा दोघंच नसतात, तिसरा देव असतो. वर्गात हे वाचताना मला पाद्र्याचं गोडबोलणं वाटलं होतं. त्या रस्त्यावर आजी विठ्ठलाला मधूनमधून “बघ रं बाबा” म्हणत साक्षीला ओढत होत्या, तेव्हा काही तसं वाटलं नाही.

“तू काय करतोस?”

“लोकांचं ऐकतो.”

“पैसं घिऊन?”

“हो.”

इतक्या हसल्या की खोकला लागला.

माचणूरला भीमेकाठी पाय धुतले. पुढं मंगळवेढ्याची ज्वारीची रानं. ज्वारी रब्बीची, त्यामुळं आषाढात बरीचशी नुसती काळी, चिखल चपलेला सोडत नाही. चोखोबा याच गावात कुसाची भिंत पडून गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावली, ज्यांतून विठ्ठल ऐकू आला ती चोख्याची, असं सांगतात. आजींनी ही गोष्ट मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या सहा अपॉइंटमेंट होत्या. पुढं ढकलता आल्या असत्या.

“जा बाबा, तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील,” आजी म्हणाल्या आणि पिशवी काखेत मारून पंढरपूरच्या रस्त्याला लागल्या. मी सोलापूरची एसटी धरली.