किकमागचे तीन बेस: सायट्रान्सच्या वहीतून, पावसाळी नोंद

पावसाळ्यात बाहेरचे कार्यक्रम जवळजवळ बंदच असतात, त्यामुळे हे महिने मी घरकामाला लावलेत: स्वतःची बेसलाइन नीट बसवायची, जुने अल्बम पहिल्यापासून पुन्हा ऐकायचे, आणि नव्याने ऐकू लागलेल्यांसाठी एक यादी करायची. यादीचं काम अर्ध्यावर आलंय. बेसचं काम पुढे सरकलंय, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पण आधी सायट्रान्सची, म्हणजे सायकेडेलिक ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताची, व्याख्या. ती केल्याशिवाय शिफारस करताच येत नाही. ‘१४०च्या वरचा टेम्पो, अंगावर येणारा बेस, मधेच कुणाचा तरी घोगरा आवाज’ असं कुणी सांगितलं तर ते चूक नाही, पण एवढ्यावर काहीही खपतं. माझ्या कानाला पटलेली कसोटी अशी: ठेका अजिबात हलत नाही आणि आवाजाचा पोत क्षणभरही थांबत नाही. किक (ड्रमचा खोल, मूळ ठोका) आपल्या जागी, बेस आपल्या जागी, आणि त्यावर एकच स्वर धरलेला सिंथ (सिंथेसायझर) दोन-दोन मिनिटं नुसता रंग बदलत राहतो. ट्रॅकची गोष्ट सांगतो तो हा रंग. धून असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

गणपतीच्या आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर ‘ट्रान्स मिक्स’ वाजतात, हलगीवरचेही असतात. त्यांना सायट्रान्स म्हणायचं का, हे मला नेहमी विचारतात. त्यांचा बेस सायट्रान्समधूनच आलाय, यात शंका नाही, आणि मुंबईतल्या कितीतरी पोरांच्या कानावर तो पहिल्यांदा ट्रकवरच पडतो. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण ते मिक्स एका ड्रॉपसाठी बांधलेले असतात: आवाज चढवायचा, थांबवायचा, सोडायचा. सायट्रान्समध्ये सोडल्यानंतरची सात मिनिटं खरी. म्हणून मी मिरवणुकीच्या मिक्सला दार म्हणतो, घर नाही.

बेस

आता मुख्य काम. नेहमीचा साचा सगळ्यांना माहीत आहे: एका मात्रेचे चार भाग, पहिल्या भागावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. कागदावर इतकं सोपं की पोरखेळ वाटावा. अवघड आहे ते आकारात. १४५ बीपीएमला (मिनिटाला १४५ मात्रा) एका भागाला साधारण १०३ मिलिसेकंद मिळतात. बेसचा मूळ स्वर एफ शार्प धरला तर तो ४६ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे त्याची एक लहर पुरी व्हायला जवळपास २२ मिलिसेकंद लागतात. सरळ गणित आहे: एका ठोक्यात पाच लहरीसुद्धा पुऱ्या होत नाहीत. एवढ्याशा वेळात कानाला ‘हा स्वर’ असं पटवायचं असेल तर नुसत्या तळाच्या साइन लहरीवर भागत नाही, वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले सूर, लागतात. म्हणून अशा सुरांनी भरलेली सॉ वेव्ह घ्यायची, त्यावर लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा) लावायचा, आणि ठोक्याच्या सुरुवातीला फिल्टर झटकन उघडून लगेच मिटवायचा. तो जो ‘टक्’ ऐकू येतो तो फिल्टरचा. मोबाइलच्या स्पीकरवर ४६ हर्ट्झ वाजतच नाही, तरी आपल्याला बेस ऐकल्यासारखं वाटतं ते या हार्मोनिकमुळे.

दुसरी गोष्ट फेजची, म्हणजे लहर कुठल्या बिंदूपासून सुरू होते त्याची. सिंथचा ऑसिलेटर (लहर काढणारा भाग) मोकळा सोडला तर प्रत्येक ठोका लहरीच्या वेगळ्या जागेपासून सुरू होतो. पाचच लहरींचा खेळ असल्यावर सुरुवात कुठून झाली याने सगळंच बदलतं: एक ठोका भरदार, पुढचा पोकळ. ऑसिलेटरचं रिट्रिगर चालू केलं की प्रत्येक ठोका एकाच बिंदूपासून निघतो आणि तिन्ही भाऊ एका उंचीचे होतात. वेव्हफॉर्म मोठा करून बघा, डोळ्यांनाच कळतं.

या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो किकच्या शेपटीवर, म्हणजे ठोक्यामागे रेंगाळणाऱ्या आवाजावर. किक लांब राहिली तर पहिल्या बेसवर चढते आणि सगळं चिखल होतं. मी आता किक बेसच्याच स्वराला येऊन थांबेल अशी ट्यून करतो आणि पहिला बेस सुरू व्हायच्या आत ती संपवतो. शिवाय तीन बेसांपैकी पहिल्याचा आवाज किंचित कमी ठेवला की चाल पुढे झुकल्यासारखी वाटते. हा शेवटचा मुद्दा माझ्या आवडीचा आहे, नियम समजू नका. तिन्ही अगदी समान ठेवणारेही उत्तम निर्माते आहेत.

खोली

मुंबईतल्या खोल्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने मोजून बघावी. माझी आतली खोली, मुलुंडमधल्या बहुतेक फ्लॅटांत असते तशी, १० बाय १२ फूट. १२ फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लहर सगळ्यात आधी घुमते तिची वारंवारता काढायची तर आवाजाचा वेग, ३४३, याला लांबीच्या दुपटीने भागायचं. उत्तर येतं ४७ हर्ट्झच्या आत. म्हणजे एफ शार्पचा बेस आणि माझी खोली एकाच स्वरात! भिंतीला पाठ लावून बसलं की छाती भरून बेस, खोलीच्या मध्यावर खुर्ची आणली की तोच बेस गायब. ट्रॅक तोच, मिक्स तेच. १० फुटांच्या दिशेला हाच आकडा ५६ हर्ट्झ येतो, म्हणजे ए स्वराच्या जवळ.

उपाय साधे केलेत. खुर्ची लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणली, कोपऱ्यात गादीची गुंडाळी उभी केली (तळाच्या बेसला ती फारशी अडवत नाही, वरचा गोंगाट मात्र शोषते), आणि तळाचा निर्णय हेडफोनवर घेतो. स्पीकर दिवसाच लावतो. रात्री दहानंतर सगळं हेडफोनवर, कारण ४६ हर्ट्झला भिंत अडवत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे काका पहाटे उठणारे आहेत.

गोवा, थोडक्यात

सायट्रान्सचं आधीचं रूप, गोवा ट्रान्स, इथेच घडलं. इतिहास मोठा आहे, म्हणून एकच धागा धरतो. १९८०च्या दशकात अंजुण्याच्या किनाऱ्यावर डीजे युरोपातून आलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर आणि पुढे डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेप) वाजवत. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत व्हायनिल रेकॉर्ड टिकत नव्हती. गाण्यांतले शब्द कापून वाद्यांचे तुकडे लांबवले जात. डॅटवर वेग हवा तसा कमी-जास्त करून दोन ट्रॅक जुळवणं जमत नसे, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेक्याविना मोकळी जागा ठेवली जाई. परिणाम असा झाला की प्रत्येक ट्रॅक स्वतःपुरता पूर्ण, सुरुवात-मध्य-शेवट असलेला बनला. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला डीजे गोवा गिल शेवटपर्यंत डॅटवर वाजवत राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये तो गेला. त्याचे चोवीस-चोवीस तासांचे सेट ज्यांनी ऐकले त्यांचा मला हेवा वाटतो.

म्हणून माझा आग्रह असतो की मधलं एक मिनिट उचलून ट्रॅकबद्दल मत बनवू नये. तो आठ मिनिटांचा आहे, आठ मिनिटं द्यावीत.

ताई आणि बसंत मुखारी

माझी मावसबहीण शास्त्रीय गाणं शिकवते. श्रावणात घरी आली होती, तेव्हा माझ्याकडे जुना गोवा ट्रान्स चालू होता. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, “अरे, रिषभ कोमल, गंधार शुद्ध, वर धैवत-निषाद दोन्ही कोमल. हे तर बसंत मुखारीचे स्वर!” पेटी काढून तिने ते वाजवूनही दाखवले. पाश्चात्त्य लोक ज्याला फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात तो हाच स्वरसमूह: खालचा अर्धा भैरवासारखा, वरचा भैरवीसारखा. गोवा ट्रान्सच्या धुनांत तो वारंवार भेटतो. नुसता फ्रिजियन घेतला तर आपल्या भैरवी थाटाचे स्वर मिळतात, आणि डार्कच्या, म्हणजे सायट्रान्सच्या काळोख्या, वेगवान प्रकाराच्या, बाजूला गेलं की कोमल रिषभाची ती टोचणी सतत जाणवते.

मी हुरळून म्हणालो, म्हणजे हा रागच झाला. ताईने लगेच थांबवलं. “राग म्हणू नकोस. स्वर आहेत, चलन नाही. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, कशावर न्यास, हे काहीच नाही.” तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं, आणि त्यातूनच एक काम सुचलं. ते खाली सांगतो.

याच ओघात तिला चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ऐकवली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकाने १९८२मध्ये रोलँडचा टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३च्याच आवाजावर उभा असलेला, शिकागोच्या फ्यूचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला १९८७मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. तेव्हा ही रेकॉर्ड फारशी कुणी विकत घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. चरणजित सिंग २०१५मध्ये मुंबईतच वारले. ३०३ हे यंत्र मुळात गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं, पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि तिने मींड काढता येते. त्यांनी नेमकी तीच पकडली. ३०३चा फिल्टर रेझोनन्स (फिल्टरचा घुमारा) वाढवून हळूहळू उघडला की काय होतं ते समजावताना मी ताईला म्हणालो, एकच सूर धरून ‘ऊ’वरून ‘आ’वर आणि तिथून ‘ई’वर जा. तिने गाऊन दाखवलं. सायट्रान्समध्ये ‘अ‍ॅसिड’ म्हणतात तो आवाज हाच. ज्याला हे ऐकू येऊ लागलं त्याला बाकीचं आपोआप ऐकू येतं.

काय ऐकावं

अगदी नव्या माणसाला मी हॅलुसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’ हा अल्बम देतो. १९९५चा; हॅलुसिनोजेन म्हणजे सायमन पॉसफर्ड. तीस वर्षं झाली तरी त्यातल्या आवाजांची वीण आजच्या कितीतरी चकचकीत ट्रॅकपेक्षा दाट आहे. तासाभराचा आहे, सीएसएमटी ते मुलुंड स्लो लोकलमध्ये जवळजवळ मावतो. फक्त गाडीची घरघर तळाचा बेस गिळते, तेव्हा प्रवासात मधल्या आवाजांकडे लक्ष द्या आणि बेससाठी घरी पुन्हा ऐका. ज्यांना धून हवी त्यांनी अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनचा ‘ट्रस्ट इन ट्रान्स’ (१९९६) आणि प्लेयाडियन्सचा ‘आयएफओ’ (१९९७) घ्यावा. दुसरा जरा दमवतो, पण त्यात एकावर एक चढणाऱ्या धुनांचा जो गुंता आहे तो मला दुसरीकडे सापडलेला नाही.

इन्फेक्टेड मशरूम म्हटलं की लोक नंतरची गाणीवजा कामं काढतात. आधी ‘क्लासिकल मशरूम’ (२०००) ऐका. एक्स-ड्रीमचा ‘रेडिओ’ (१९९८) हा माझा लाडका: रूक्ष, यांत्रिक, धुनेचा मोह पूर्ण टाळलेला. माझी वरची व्याख्या कुणाला पटवायची असेल तर मी हाच लावतो. आजच्या स्वच्छ, मोठ्या मंचाच्या आवाजासाठी अ‍ॅस्ट्रिक्सचा ‘हार्ट’ (२०१६).

घरच्यांसोबत ऐकायचं असेल तर श्पाँगलचा ‘आर यू श्पाँगल्ड?’ (१९९८). पॉसफर्डच्या जोडीला राजा रामची बासरी आहे. आमच्या आईला तो आवडतो. त्याच वाटेने पुढे स्वीडनच्या कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्सचा ‘हायड्रोपोनिक गार्डन’ (२००३), पाऊस कोसळत असताना, दिवा न लावता.

संथ, खोल, १३०च्या आसपासचं हवं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या झेनॉन रेकॉर्ड्सचं काहीही उचला. डार्क आणि फॉरेस्टमध्ये, म्हणजे १५०च्या पुढे, पार्वती रेकॉर्ड्सपासून सुरुवात करा आणि पहिल्याच दिवशी तासभर ऐकू नका, कान थकतात. हायटेक, १८०च्या वरचं, मला अजून फारसं भावत नाही, म्हणून त्यावर शिफारस करत नाही.

आणि एक. ‘सायकेडेलिक’ नावामुळे नशेचा विषय निघतोच. हे संगीत कोऱ्या कानांनी, पूर्ण शुद्धीत ऐकल्यावर जेवढं उलगडतं तेवढं इतर कशानेही उलगडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. बारकावे पकडायला जागं डोकं लागतं.

सध्या टेबलावर

ताईच्या म्हणण्यावरून एक ट्रॅक सुरू केलाय. १४२ बीपीएम, बेस एफ शार्पवरून एफवर आणलाय म्हणजे खोलीच्या घुमण्यातून थोडी सुटका होते. बसंत मुखारीचे नुसते स्वर न घेता तिने सांगितलेल्या न्यासाच्या, म्हणजे विसाव्याच्या, जागा पाळायच्या, आणि त्या जागांवर धुनेऐवजी फिल्टर थांबवायचा, असा बेत आहे. पहिली चार मिनिटं उभी राहिली आहेत. मधल्या मोकळ्या जागेत तिचा आलाप घ्यायचा की नाही यावर आमचं एकमत व्हायचंय. ती म्हणते घे, पण ऑटोट्यून लावलंस तर बघ. किकची शेपटी एफसाठी पुन्हा कापावी लागेल, कारण लहर आता २३ मिलिसेकंदांची झाली. कुणी ४४ हर्ट्झच्या आसपास किक बसवली असेल तर तिची लांबी किती ठेवलीत ते कळवा, मी दोन्ही लांब्या करून बघणार आहे.