घरचे गाडीने, मी सायकलने: नाशिक ते सप्तशृंगी गड

आमची कुलस्वामिनी सप्तशृंगी, त्यामुळे वर्षातून एकदा ओटी भरायला गडावर जायचं हे ठरलेलंच असतं, आणि मी बँकेत असल्यामुळे दुसरा किंवा चौथा शनिवार बघूनच जातो. यंदा फेब्रुवारीतला दुसरा शनिवार ठरला तेव्हा जेवताना मी सांगून टाकलं की तुम्ही गाडीने या, मी सायकलवर येते. नवरा म्हणाला, घाटासकट? म्हटलं हो, घाटासकट. आई (म्हणजे सासूबाई) तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, नंतर ओटा आवरताना हळूच म्हणाल्या, "ओटीचं सामान मी घेईन गं बरोबर, तू त्याचं टेन्शन घेऊ नको." ते ऐकलं आणि निम्मा घाट तिथेच चढल्यासारखं वाटलं मला.

नाशिकहून गड साधारण ६० ते ६५ किमी, तुम्ही शहराच्या कुठल्या टोकाला राहता त्यावर. रस्ता सरळ आहे, पंचवटीतून दिंडोरी नाका, म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, वणी, मग नांदुरी, आणि नांदुरीपासून १० किमीचा घाट. म्हणजे पन्नासेक किमी चालवून झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, हे डोक्यात पक्कं ठेवूनच निघायचं.

आधी थोडं मागचं सांगते कारण मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की घर, नोकरी, मुलगी, म्हातारं माणूस हे सगळं असताना वेळ काढतेस कुठून. अडीच वर्षांपूर्वी रूटीन तपासणीत माझं एचबीएवनसी (मागच्या दोन तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि माझ्या वडिलांना शुगर होती, शेवटची वर्षं त्यांची कशी गेली ते मी जवळून पाहिलंय. जिम लावून सोडून झालं होतं, चालायला गुडघा कुरकुर करायचा. घरात नवऱ्याची हायब्रीड सायकल पडून होती ती काढली. हवा भरली, सीट नीट केली आणि गंगापूर रोडने पहिल्या दिवशी ६ किमी गेले.

पहिले दोन महिने मी चुकीचं केलं. उत्साहात शनिवार रविवार दोन्ही दिवस जायचे, आज इतके किमी करायचेच असं ठरवून, आणि मग घरी यायला नऊ साडेनऊ, तोपर्यंत घरात सगळ्यांचं सगळं खोळंबलेलं. लेकीने एकदा शांतपणे विचारलं, आई तू रविवारी असतेस कधी घरी? त्या दिवसापासून किमी ठरवणं बंद. आता ठरते ती घरात पाऊल टाकायची वेळ, आणि त्या वेळेत जेवढं होईल तेवढं. मंगळवार आणि गुरुवार पहाटे सव्वापाच ते साडेसहा, सव्वा तास, वीस बावीस किमी. दोन दिवसांचे मिळून अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं, आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान एवढाच मध्यम व्यायाम सांगते. लांबची राईड महिन्यातून दोनदाच, दुसरा आणि चौथा शनिवार. रविवारी सायकलला हात नाही, मग कोणी कितीही बोलावू दे. आदल्या रात्री भाजी चिरून आणि कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवते, आणि मंगळवारी गुरुवारी पोळ्या नवरा करतो. हे एका दिवसात झालं नाही, बोलाचाली झाल्या, पण झालं. वेळेवर परत येता हे घरच्यांना सलग दोन तीन महिने दिसलं की घरचेच विचारायला लागतात, आज गेली नाहीस का म्हणून.

नाशिकमध्ये सायकलचं वातावरण आहे हे आपलं भाग्यच. २०१५ मध्ये इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी जोडीने रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून आणखीच वाढलं. पंढरपूरची सायकल वारी पण दरवर्षी निघते, मला जायचंय, पण ती काही एका दिवसाची नाही आणि लेकीची दहावी होईपर्यंत तेवढे दिवस मी काढणार नाही हे माझं मी ठरवलंय. म्हणूनच गडाची कल्पना आवडली, घर तसंही तिथेच चाललं होतं, मी कोणाचा दिवस मोडून जाणार नव्हते.

तयारी नोव्हेंबरपासून केली. दोन वेळा त्र्यंबक जाऊन येऊन, म्हणजे पन्नास पंचावन्न किमी, मग एकदा दिंडोरीच्या पुढपर्यंत जाऊन परत, मग पहिनेच्या बाजूला चढ उतार. जी रोड सायकल मी मागच्या वर्षी घेतली तिला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची आहे. घाटाला हे फार महत्त्वाचं, दुकानात विचारून घ्या, मागे २५ किंवा २८ च असेल तर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून घ्या, गुडघ्यांच्या बिलापेक्षा ते स्वस्त पडतं. सीटची उंची पण बघा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. माझी सीट सुरुवातीला खाली होती आणि गुडघा दुखतोय म्हणून मी महिनाभर बाम चोळत होते.

तर निघाले साडेपाचला. फेब्रुवारी असली तरी पहाटे थंडी चांगलीच होती, बोटं बधीर होतात, पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. पुढचा लाईट नुसता चमकणारा नको, रस्ता दिसेल असा पाहिजे, आणि मागे लाल लाईट शिवाय अंगात रिफ्लेक्टर जॅकेट. कारण या रस्त्यावर सीझनला उसाच्या ट्रॉल्या आणि द्राक्षांच्या क्रेट घेऊन जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून चालू असतात, कित्येक ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो, अंधारात अचानक समोर उसाची भिंतच येते. उजाडेपर्यंत वेग कमीच ठेवा. म्हसरूळच्या पुढे कुत्री मागे लागली. पळवायचा प्रयत्न करू नका, मी सरळ उतरते, सायकल कुत्र्यांच्या आणि माझ्या मध्ये धरते आणि चालत जाते, आजवर एकदाही चावलं नाही.

ढकांब्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दहा मिनिटं गेली, निघाले, आणि तीन किमीवर पुन्हा बसलं. झालं काय होतं की घाईत आणि अंधारात मी टायरच्या आतून बोट फिरवलंच नव्हतं, बाभळीचा काटा टायरमध्येच रुतून होता, त्याने नवी ट्यूबही घेतली. तेव्हा मात्र रस्त्याकडेला बसून नीट काटा काढला, पॅच लावला. एक जण दुधाचे कॅन घेऊन मोटरसायकलवर चालला होता, तो थांबला आणि पॅच बसेपर्यंत त्याने मोबाईलचा टॉर्च धरला, नाव विचारायचं राहिलं. तुम्ही दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि पंप हे सगळं घेऊनच निघा, आणि पंक्चर घरी दोन वेळा काढून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा काढायला बसू नका.

दिंडोरीला पोचेपर्यंत उजाडलं होतं, सव्वासात. तिथून पुढचा पट्टा म्हणजे खरंच डोळ्यांचं पारणं. दोन्ही बाजूला द्राक्षबागा, काही ठिकाणी घड कागदात गुंडाळलेले, बायका डोक्याला रुमाल बांधून खुडायला उतरलेल्या, आणि समोर सातमाळाची रांग हळूहळू मोठी होत जाते. वारा सकाळी नव्हता म्हणून या टप्प्यात २२-२३ चा वेग सहज मिळाला आणि इथेच मोह होतो जोरात हाणायचा, तो आवरा. मी मुद्दाम असं चालवत होते की शेजारी कोणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या.

खाण्याचं म्हणाल तर मी दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकते, भूक लागायची वाट बघत नाही. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, केळं, शेंगदाण्याची चिक्की. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत इलेक्ट्रॉल, थंडीत तासाला अर्धा लिटर तरी आणि घाटात जास्त. वणीला साडेआठला पोहे आणि चहा घेतला. तिथे गरम वडे तळत होते, पण घाटाआधी तेलकट नको म्हणून सोडले. बायकांसाठी एक स्पष्ट सांगते, बाथरूमची सोय बघून ठेवा, पहाटे हॉटेलं बंद असतात, मोठे पेट्रोल पंप हाच आधार, आणि त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, मी तसं करायचे आणि डोकं धरायचं. पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्या, तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, काचून काचून हाल झाले होते.

वणी ते नांदुरी हा टप्पा लोक हिशोबात धरत नाहीत, पण तो चढ उतारांचा आहे आणि पाय इथे संपवून चालत नाही. मी नांदुरीला पावणेदहाला पोचले, दहा मिनिटं बसले, बाटल्या भरल्या, जॅकेट काढून पिशवीत घातलं.

आता घाट. १० किमी, माझ्या घड्याळात पाचशेच्या आसपास मीटर चढ दिसला. पहिल्या दोन किमीत वाटतं की हे जमणारच नाही, श्वास लागतो, मांड्या पेटतात. ते सगळ्यांचंच होतं. सगळ्यात हलका गियर टाका, बसूनच चालवा, आणि नजर वरच्या वळणाकडे न ठेवता पुढच्या दहा फुटांवर ठेवा. तिसऱ्या किमीनंतर एक लय सापडते, माझा वेग ताशी सात आठ होता, म्हणजे गाड्या आरामात पुढे जात होत्या, आणि त्यातली माणसं काचा खाली करून "जय सप्तशृंगी, ताई" म्हणत होती. मी पण म्हणायचे, मोठ्याने जमत नव्हतं तरी. समोर मार्कंडेयाचा डोंगर उघडा होत जातो. आतल्या बाजूच्या वळणांवर चढ एकदम अंगावर येतो, तिथे मागून गाडी नसेल तरच थोडं बाहेरून घ्या. वरून येणाऱ्या एसटीला जागा द्या, वळण घेताना तिला सगळा रस्ता लागतो. गणपती टप्प्याच्या आसपास मी दोनदा थांबले, एकदा पाणी प्यायला आणि एकदा नुसतंच, पाय टेकवून उभी राहिले. थांबण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त थांबायचं ते सरळ रस्त्यावर, वळणावर नाही.

शेवटचा किमी मला नीटसा आठवतही नाही, दुकानं दिसायला लागली, फुलं, नारळ, पेढे, आणि कळलं की आलो. सव्वाअकरा वाजले होते. एक तास वीस मिनिटं घाटाला.

घरचे माझ्यानंतर वीस मिनिटांनी पोचले. लेक धावत आली आणि आधी सायकलला हात लावला, मग मला. आईंनी पिशवीतून कोरडा टॉवेल आणि साडी काढून दिली, माझी साडी त्यांनी आठवणीने आणली होती, मी सांगितलं नव्हतं. गावातल्या ओळखीच्या पेढेवाल्याकडे सायकल कुलूप लावून ठेवली (कुलूप न्या, वजन वाटलं तरी). वर मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली झालीय. आई ट्रॉलीने गेल्या, आणि मी पायऱ्यांनी जायचा हट्ट न धरता त्यांच्याबरोबर ट्रॉलीतच बसले. अठरा हातांची ती मूर्ती समोर आल्यावर मला नेहमी भरून येतं, यावेळी पाय थरथरत होते म्हणून आईंचा दंड धरून उभी होते. ओटी आम्ही दोघींनी मिळून भरली.

जेवण प्रसादालयात. परत येताना सायकल गाडीच्या कॅरियरवर, हे आधीच ठरलं होतं. उतार मी मुद्दाम टाळला, थकलेल्या हाताने दहा किमी ब्रेक दाबत उतरणं यात धोका जास्त, आणि संध्याकाळी लेकीचा गणिताचा पेपर सोडवून घ्यायचा होता. ज्यांना उतरायचं असेल त्यांनी निघण्याआधी ब्रेक पॅड तपासा, सलग दाबून न ठेवता सोडून सोडून दाबा, दोन्ही ब्रेक वापरा, आणि वेग वळणात शिरायच्या आधी कमी करा, वळणात नाही. कॅरियरवर पट्टे दोन ठिकाणी आवळा आणि पुढचं चाक फ्रेमला बांधा, नाहीतर रस्ताभर गरगरत राहतं.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दहाच्या पुढे घाटात ऊन सहन होत नाही. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण दगड येतात आणि धुक्यात गाडीवाल्याला सायकल दिसत नाही, त्यामुळे मी तरी जाणार नाही. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, पुढे एसटीने जावं लागतं, आणि पायी येणाऱ्यांची इतकी गर्दी असते की तो रस्ता त्यांचाच आहे, तेव्हा सायकल नकोच. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमाही शक्यतो टाळा. घरचे मागून येणार असतील तर त्यांना तुमच्यानंतर साडेतीन चार तासांनी निघायला सांगा, म्हणजे काही झालंच तर ते तुमच्या मागे त्याच रस्त्यावर असतात, आणि त्यांची झोपही मोडत नाही.

दिंडोरीला गाडी थांबवून एका बागेच्या दारातून पाच किलो द्राक्षं घेतली, मी मागच्या सीटवर आईंच्या खांद्यावर डोकं टेकून घरापर्यंत झोपले.